प्रौढपणी सायकल

पुणे शहराला एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत, आणि ते वर्णन सार्थ होते. शहर बहुतांशी सपाट, हवा समशीतोष्ण, आणि घरापासून कचेरीचे वा शाळेचे अंतर असे, की चालत जावे तर वेळ मोडावा आणि टांगा करावा तर पैसा मोडावा. ही अडचण सायकलीने दूर केली. विसाव्या शतकाच्या मध्यास सकाळी दहाच्या सुमारास लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिले, तर कॅरिअरला डबा अडकवून निघालेल्या सायकलस्वारांचे लोंढेच्या लोंढे दृष्टीस पडत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील पाळी सुटली, की त्या बाजूचा रस्ता सायकलींनी भरून जाई. प्राध्यापक, पोस्टमन, दूधवाला आणि विद्यार्थी या सर्वांचे वाहन एकच.

अशा शहरात ज्याला सायकल येत नसे, त्याची स्थिती नदीकाठी राहून पोहता न येणाऱ्या माणसासारखी होई. अशी माणसे थोडी नव्हती. कोकणातील एखाद्या गावातून, पाखाड्या उतरून, मॅट्रिक होऊन नोकरीसाठी आलेल्या तरुणाने सायकल पाहिलेली असे. ती चालविण्याजोगा रस्ता मात्र त्याच्या गावी नसे. कित्येक घरांत मुलींना ती शिकू देत नसत. ज्याच्या घरी लहानपणी दुकानदाराला तासाचे भाडे द्यावयास आणा नव्हता, तोही तसाच राहून जाई. पुढे मिशा फुटल्यावर ‘मला सायकल येत नाही’ असे सांगण्याची लाज वाटे. मग ‘चालणे प्रकृतीला चांगले’ हे त्याचे आवडते सुभाषित होऊन बसे.

मूल जे आठवड्यात शिकते, ते प्रौढाला इतके जड का जावे? मुलाची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मोठी सायकल भाड्याने घ्यावयाची, नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारावयाचे, गुडघे फोडून घ्यावयाचे आणि घरी काही सांगावयाचे नाही. प्रौढ माणूस उंचावरून पडतो. हाड मोडले तर घर कसे चालेल, हा विचार त्याला पडण्यापूर्वीच सुचतो. शिवाय पाहणारे असतातच. मूल पडले तर लोक उचलावयास धावतात. मोठा पडला तर आधी हसतात आणि मग धावतात.

परंतु खरे कारण सायकलीच्या चालीतच दडलेले आहे. सायकल ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस हँडल किंचित वळवावे लागते. तसे केले म्हणजे चाके पुन्हा अंगाच्या भाराखाली येतात आणि तोल सावरतो. भ्यालेला मनुष्य नेमके उलट करतो. तो हँडल आवळून धरतो किंवा पडण्याच्या विरुद्ध दिशेस ओढतो. भीतीने तो वेगही कमी करतो, आणि मंद सायकल सावरणे तर फारच कठीण. वास्तविक वेगात असलेली सायकल पुष्कळ अंशी आपला तोल आपणच सांभाळते. ती असे का करते, याचा उलगडा करण्यात शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे गुंतले आहेत. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा गुण हेच त्याचे कारण, असे पुष्कळांना वाटे; तो गुण नाहीसा केला तरी सायकल स्वतःला सावरू शकते, हे 2011 साली प्रयोगाने दाखविण्यात आले. ज्या गोष्टीचा उलगडा पंडितांनाही सहजी होत नाही, ती शब्दांनी समजावून घेण्याचा हट्ट प्रौढ विद्यार्थी धरतो. ‘आधी सांगा, तोल म्हणजे नेमके काय करावयाचे?’ असे तो विचारतो. हे सांगून येत नाही.

जर्मनीतील कार्ल फॉन ड्राईस याने 1817 साली दोन चाकांचे लाकडी वाहन रस्त्यावर आणले, तेव्हा त्याला पायडलेच नव्हती. स्वार जमिनीला पाय रेटीत पुढे जाई. प्रौढांना शिकविण्याची आजची उत्तम रीत हीच आहे. पायडले काढून ठेवावी, दोन्ही पाय जमिनीस टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि पायांनी ढकलीत जावे. पाय काही क्षण आपोआप उचलले जाऊ लागले, की तोल आलाच. पायडले मग लावता येतात.

वयाची सबब मात्र फारशी टिकत नाही. रशियन साहित्यिक टॉल्स्टॉय 1895 साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, सायकल शिकले. त्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा वारला होता. अमेरिकेतील समाजसेविका फ्रान्सिस विलर्ड या पन्नाशी उलटल्यावर, रोज सुमारे पंधरा मिनिटे सराव करून, तीन महिन्यांत शिकल्या आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. आपल्या देशात, तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात, 1991 च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेड्यांतील हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणावयास, शेतावर आणि बाजारास जाण्यासाठी त्यांना कोणाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

पुण्यातला तो कारकूनही एक दिवस शिकावयास निघे. कचेरी दूर जाई, बदली खडकीला होई, मग इलाज नसे. पहाटे, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा वेळी, तो एखाद्या मोकळ्या पटांगणात जाई. धोतराचा सोगा साखळीत सापडू नये म्हणून घट्ट खोचलेला. शिकवावयास कोण? तर बहुधा त्याचीच दहा-अकरा वर्षांची मुलगी. एरवी पाढे चुकले म्हणून तिला दटावणारे अण्णा आता तिच्यापुढे मुकाट्याने उभे राहत.

‘‘अण्णा, खाली पाहू नका. समोर पाहा.’’

‘‘तू सोडू नकोस हं!’’

‘‘नाही सोडत. पाय थांबवू नका.’’

कॅरिअर धरून ती धावे. आठ-दहा दिवस असे जात. मग एका सकाळी अण्णांना मुलीचा आवाज पाठीमागून न येता पटांगणाच्या दुसऱ्या टोकाकडून येई, आणि सायकल तर चाललेलीच असे. एक फेरी होई, दुसरी होई, तिसरी होई. अण्णा काही थांबत नसत.

‘‘अण्णा, पुरे आता! उतरा!’’

‘‘अगं, पण उतरायचं कसं ते तू शिकवलंच नाहीस!’’

आणि ती पुन्हा कॅरिअर धरावयास धावे.