हिवऱ्याच्या पंगतीतला वेदान्त

वाचकहो, स्वामी विवेकानंदांचे नाव निघाले की आम्ही कीर्तनकार मंडळी शिकागोच्या ११ सप्टेंबर १८९३ च्या भाषणावर टाळ्या घेतो. पण त्याच परिषदेत नऊ दिवसांनी, २० सप्टेंबरला स्वामीजी काय बोलले, ते आम्ही फारसे सांगत नाही. (टाळ्या त्यात कमी आहेत ना!) हिंदुस्थानात धर्माची वानवा नाही, वानवा आहे ती भाकरीची, उपाशी माणसापुढे तत्त्वज्ञान मांडणे ही त्याची थट्टाच होय, असा त्या बोलण्याचा रोख होता.

हे पुस्तकी नव्हते. १८६३ साली कलकत्त्यात वकिलाच्या सुखवस्तु घरी ते जन्मले खरे. पण १८८४ त वडील वारले आणि पदवीधर मुलगा उपाशीपोटी नोकरीसाठी वणवण हिंडला. सर्वांभूती एकच आत्मा, हे तर माउलींनी आम्हांला शिकवलेच आहे. स्वामीजींनी विचारले ते एवढेच, की मग तो आत्मा उपाशी का? ‘दरिद्रनारायण’ हा शब्द त्यांच्यामुळे घरोघरी गेला. १९०२ त, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते गेले.

कलकत्ता कुठे आणि आमचा बुलढाणा जिल्हा कुठे! तरी मेहकर तालुक्यात हिवऱ्याला शुकदास महाराजांनी १९६५ साली विवेकानंद आश्रम उभा केला. स्वामीजींच्या जयंतीला तेथे भर शेतात पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरने आणून वाढावी लागते, एवढी माणसे! शेजारी कोण बसला, कोणत्या जातीचा, हे विचारायला सवडच नसते. शुकदास महाराज २०१७ साली गेले. पंगती त्यानंतरही बसल्या.