जाम बोल्ट सोडवताना

गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना गाडीचे ब्रेक तापतात आणि त्यांच्यावर रस्त्यावरचं पाणी उडतं. त्यामुळे कॅलिपरचे, सायलेन्सरचे बोल्ट इथे लवकर धरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे एकमेकांत आवळले जातात. अशा बोल्टवर पहिल्यांदाच पान्याला पाइप घालून जोर काढला की डोकं तरी गोल होतं, नाहीतर बोल्ट तुटतो. आधी तेल, मग ठोका, मग आच. जोर सगळ्यात शेवटी.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना उटी लावा, जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड द्या. ब्रेक गार होऊ द्या. तारेच्या ब्रशने आट्यांचं उघडं टोक आणि डोक्याभोवतीची माती आणि गंज खरवडून काढा, कारण मातीच्या थरातून तेल आत जात नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि थांबा. रात्रभर मुरू दिलं तर उत्तम. मधे एकदोनदा पुन्हा मारा. डिस्क आणि पॅडवर थेंबही पडता कामा नये.

आता बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके ठोके द्या. त्या हादऱ्याने गंजाची पकड फुटते. पाना सहा कोनी सॉकेटचाच घ्या. बारा कोनी रिंग पाना कोपऱ्यांवर धरतो आणि तेच झिजवतो. गाडीखाली आडवं पडल्यावर दिशा उलटी वाटते, म्हणून डोक्याकडून पाहून डावीकडे फिरवायचं हे मनात पक्कं करा. आधी किंचित आवळा, मग सोडा. हलला की लगेच पूर्ण काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा तेल.

तरीही हलत नसेल तर नट तापवा. बोल्टपेक्षा नट जास्त तापला तर तो फुगून सैल होतो. पण स्प्रे पुसून टाका आणि ब्रेकची नळी, पेट्रोलची लाइन, रबरी बुश जवळ असतील तर ज्योत लावूच नका.

डोकं गोल झालंच, तर एक नंबर लहान सॉकेट ठोकून बसवा; १४ च्या डोक्यावर १३ चा. तेही घसरलं तर वर एक नट ठेवून आतून वेल्डिंग मारा. मला हा उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण पकड नवी मिळते आणि वेल्डिंगची आच थेट बोल्टमध्ये उतरते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बोल्ट आत तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारून ३ मिलिमीटरपासून ड्रिल वाढवत न्या. ८ मिलिमीटरच्या साध्या आट्याच्या बोल्टला ६.८ पर्यंत, मग टॅप. भोकात पिळाचा एक्स्ट्रॅक्टर घालून पिरगळणं मात्र टाळा. तो आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. अशा वेळी तो भाग उतरवून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मशीन शॉपला न्यावा.

नवा बोल्ट त्याच ग्रेडचा घ्या. सायलेन्सरच्या बोल्टच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा. चाकाचे नट मात्र कोरडेच आवळा, कारण ग्रीस असेल तर तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.