घरचा कुत्रा मुलाला चावतो तेव्हा

रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा चावला, म्हणजे काय करावयाचे याविषयी घरात फारसा मतभेद होत नाही. मुलाला उचलून थेट दवाखान्यात नेले जाते. चावणारा कुत्रा घरचाच असला, म्हणजे मात्र विचार अडखळतो. एका बाजूस जखमी मूल असते आणि दुसऱ्या बाजूस कालपर्यंत त्या मुलाशेजारी निजणारे जनावर असते. अशा वेळी माणसे भीतीच्या, रागाच्या किंवा मायेच्या भरात निर्णय घेतात आणि तो पुष्कळदा चुकतो. हा निर्णय शास्त्राच्या आधाराने कसा घ्यावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

एक उदाहरण कल्पू. चार वर्षांची एक मुलगी ओसरीवर चेंडू खेळत आहे. घरचा कुत्रा कोपऱ्यात आपल्या थाळीतील भाकरी खात आहे. चेंडू घरंगळत थाळीपाशी जातो व मुलगी तो घेण्यास वाकते. कुत्रा गुरगुरतो, मुलगी थांबत नाही, तो तिच्या मनगटाला चावतो. दोन दात रुतून रक्त येते. घरातील सर्वजण धावतात आणि तेथे तीन मते पुढे येतात. आजी म्हणते, जखमेत तिखट भरा, म्हणजे विष जळून जाईल. वडील म्हणतात, कुत्र्याला दरवर्षी लस टोचलेली आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. काका म्हणतात, या कुत्र्याला आजच्या आज मारून टाका, नाहीतर दूर सोडून या.

तिन्ही मते मुलीच्या काळजीपोटी निघालेली आहेत, पण तिन्ही चुकीची आहेत. घोटाळ्याचे मूळ असे, की येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला प्रश्न मुलीचा; त्याची मुदत मिनिटांची व तासांची आहे. दुसरा प्रश्न कुत्र्याचा. त्याला निदान दहा दिवसांची सवड द्यावी लागते. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच घटकेला देऊन टाकणे, हेही हानिकारक आहे.

१. पहिली पंधरा मिनिटे

कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रोगांपैकी सर्वांत भयंकर रोग म्हणजे रेबीज होय. मराठीत यास अलर्क रोग असेही म्हणतात. हा रोग विषाणूंमुळे होतो. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत हे विषाणू असतात व चाव्याच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. तेथून ते मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात, तर क्वचित वर्षानंतरही रोग प्रकट होतो. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. वाचलेल्यांची उदाहरणे जगात अगदी मोजकी आहेत. उलट, लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले, तर हा रोग जवळजवळ निश्चितपणे टाळता येतो. एकीकडे निश्चित मृत्यू व दुसरीकडे निश्चित बचाव, असा हा रोग असल्यामुळे येथे चालढकलीला जागा नाही.

जखम होताच ती वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. नळ नसल्यास तांब्याने संतत धार धरावी. साबणामुळे विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते व तो निकामी होतो. पाण्याने उरलेली लाळ वाहून जाते. हा उपाय साधा असला, तरी त्याचे मोल फार मोठे आहे. त्यानंतर आयोडिनयुक्त जंतुनाशक लावावे.

तिखट, हळद, चुना, तेल, कॉफीची पूड किंवा झाडपाला जखमेत भरू नये. विष जाळण्याची कल्पना सर्पदंशाच्या जुन्या समजुतीवरून आलेली दिसते. तिखटाने जखम चिडते, मूल तळमळते आणि त्यापायी ती नीट धुतली जात नाही. जखम आवळून बांधूही नये. शक्य असेल तोवर डॉक्टरही अशा जखमेस लगेच टाके घालीत नाहीत. कारण सुईने विषाणू अधिक खोल जाण्याचा संभव असतो.

२. लस केव्हा व कशी

जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रसंगांचे तीन वर्ग केले आहेत. कुत्र्याला हात लावला, किंवा अखंड त्वचेवर त्याने चाटले, तर तो पहिला वर्ग. त्यास त्वचा धुण्यापलीकडे उपचार लागत नाही. उघड्या त्वचेवर दात घासले गेले किंवा रक्त न येता ओरखडा उठला, तर तो दुसरा वर्ग. त्यात तत्काळ लस द्यावी लागते. दात त्वचेत रुतले, रक्त आले, किंवा लाळ जखमेला, ओठांच्या आतील बाजूस अथवा डोळ्यांना लागली, तर तो तिसरा वर्ग. त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

उदाहरणातील मुलगी तिसऱ्या वर्गात येते. तिला या दोन्ही गोष्टी का द्यावयाच्या? लस शरीराला विषाणूशी झुंजणारी प्रतिद्रव्ये तयार करण्यास शिकविते. परंतु ती पुरेशी तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्या अवधीत जखमेतील विषाणूला अडविण्यासाठी तयार प्रतिद्रव्ये जखमेत व तिच्या भोवताली टोचली जातात. त्यांनाच इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात.

जुन्या पिढीतील माणसांना या उपचाराचे भय वाटते, त्याला इतिहास आहे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला आपली लस प्रथम टोचली आणि तो वाचला. भारतात १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. ही लस पोटात बऱ्याच दिवस रोज टोचावी लागे व ती वेदनादायक असे. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. आजची लस पेशींच्या संवर्धनापासून बनते. ती दंडात व अगदी लहान मुलांना मांडीत देतात. स्नायूत द्यावयाची असल्यास पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि त्वचेत द्यावयाची असल्यास पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी ती टोचतात. धनुर्वाताची लसही लागेल काय, हे डॉक्टर पाहतात.

आता वडिलांच्या मताकडे वळू. कुत्र्याला लस टोचलेली असणे ही चांगली गोष्ट आहे. त्यामुळे धोका पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही. लस वेळेवर दिली गेली होती काय, ती थंड जागी नीट साठविली होती काय, कुत्र्याच्या शरीराने तिला पुरेसा प्रतिसाद दिला काय, हे चाव्याच्या घटकेला घरात बसून सांगता येत नाही. म्हणून भारतातील मार्गदर्शक नियम असे सांगतात, की कुत्रा लस दिलेला असला, तरी मुलाचे उपचार सुरू करावेत. कुत्र्याच्या लसीचे कार्ड डॉक्टरांना अवश्य दाखवावे. परंतु ते घरी बसण्याचे निमित्त करू नये.

३. दहा दिवस कशासाठी?

काकांच्या मताचे उत्तर कुत्र्याच्या शरीरातच दडलेले आहे. विषाणू कुत्र्याच्या शरीरात शिरला, म्हणजे तो लगेच लाळेत येत नाही. तो प्रथम मज्जातंतूंवाटे मेंदूत जातो, तेथे वाढतो आणि मगच लाळग्रंथींत उतरतो. लाळेत विषाणू येईपर्यंत कुत्रा रोगाच्या उंबरठ्यावर पोहोचलेला असतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत लक्षणे दिसतात आणि लक्षणांमागोमाग काही दिवसांत मृत्यू येतो. या सर्वांचा हिशेब दहा दिवसांत बसतो.

यावरून निघणारा निष्कर्ष मोलाचा आहे. चावल्यापासून दहा दिवसांनी कुत्रा जिवंत व धडधाकट असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता. मग मुलीचे पुढील उपचार कमी करावयाचे किंवा कसे, हे डॉक्टर ठरवू शकतात. हा नियम कुत्रा व मांजर यांनाच लागू आहे. माकड, मुंगूस किंवा कोल्हा यांना नाही.

कुत्र्याला पहिल्याच दिवशी मारले किंवा दूर सोडले, तर हा पुरावा कायमचा हातचा जातो. शिवाय तो खरोखरच रोगी असेल, तर दुसऱ्या गावच्या मुलांच्या वाटेवर तो रोग नेऊन ठेवल्यासारखे होते. आणि उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत पाळीव जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हाही आहे.

या दहा दिवसांत कुत्र्याला घराच्या आवारात, मुलांपासून दूर, मजबूत साखळीने किंवा बंद जागेत ठेवावे. अन्नपाणी एकाच प्रौढ व्यक्तीने द्यावे. पशुवैद्यांना पहिल्याच दिवशी कळवावे. आवाज बदलणे, लाळ गळणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे, अंधारात दडून बसणे, दिसेल ते चावणे किंवा मागील पाय लुळे पडणे, ही चिन्हे दिसताच कुत्र्याजवळ न जाता पशुवैद्यांस बोलवावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याची भीती हे माणसाच्या रोगाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितोच असे नाही. त्याच्यापुढे पाण्याचे भांडे ठेवून केलेली परीक्षा निरर्थक होय. काही रोगी कुत्रे अंगावर धावून न येता केवळ सुस्त होऊन पडतात, हेही ध्यानात ठेवावे.

कुत्रा या मुदतीत मेला, तर मुलीचे उपचार पूर्ण करावेत व पशुवैद्यांमार्फत त्याच्या मेंदूची तपासणी करून घ्यावी. मृत कुत्र्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये.

४. अकराव्या दिवसाचा निर्णय

दहा दिवस सुखरूप गेले, की रेबीजचा प्रश्न सुटतो. पण कुत्रा घरात ठेवावा की नाही, हा प्रश्न उरतोच. आता राग निवळलेला असल्यामुळे तो शांतपणे सोडविता येतो. त्यासाठी घरातील मोठ्या माणसांनी व पशुवैद्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, चावा किती खोल होता? इयान डनबार या पशुवैद्यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत दात त्वचेत रुतत नाहीत. तिसरीत एका चाव्याने उथळ छिद्रे पडतात. चौथीत दात खोल जातात व कुत्रा धरून ठेवतो किंवा झटके देतो. पाचवीत तो पुनःपुन्हा खोल चावतो आणि सहावीत बळी जातो. वरच्या पायऱ्यांचा चावा घेणारा कुत्रा मुलांच्या घरात ठेवणे फार धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट, कुत्र्याने आधी इशारा दिला होता काय? अंग ताठणे, तोंड फिरविणे, डोळ्यांतील पांढरे दिसणे, ओठ चाटणे आणि गुरगुरणे, ही त्याची भाषा आहे. इशारा देणाऱ्या कुत्र्यापासून सावध राहता येते; इशाऱ्यावाचून चावणारा अधिक भयावह असतो. म्हणून गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. माराने गुरगुरणे बंद होते, परंतु चावण्याची ऊर्मी तशीच राहते.

तिसरी गोष्ट, कारण सापडते काय? अन्न, पिले, झोपमोड, भीती आणि दुखणे ही नेहमीची कारणे आहेत. कान पिकलेला, दात दुखत असलेला किंवा सांधे आखडलेला म्हातारा कुत्रा नुसत्या स्पर्शानेही चावतो. दुखणे बरे झाले, तर चावणेही थांबू शकते.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे: कुत्रा व मूल यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था हे घर रोज, न चुकता, करू शकेल काय? उदाहरणातील कुत्र्याने इशारा दिला होता, चावा उथळ होता आणि कारण उघड होते. त्याला दाराआड जेवू घालणे, मुलगी व तो एकत्र असताना मोठ्या माणसाने जवळ बसणे आणि त्याला मुसके बांधून घेण्याची सवय लावणे, एवढ्याने बहुधा भागेल. घरातील सर्वजण दिवसभर कामावर असतील, तर मात्र मूल नसलेल्या घरी, चाव्याची हकीकत न लपविता, कुत्रा देणे अधिक शहाणपणाचे. चावे गंभीर व वारंवार होत असतील आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तर पशुवैद्यांच्या हातून वेदनारहित मरण, हा शेवटचा उपाय आहे. तो घ्यावा लागला, तरी रागाच्या भरात घेतलेला नसावा.

५. मुलाला बोल लावू नये

जगात संशयित रेबीजग्रस्त जनावरांच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना चेहऱ्यावर व डोक्यावर चावा बसतो. तेथून मेंदू जवळ असल्याने रोग लवकर होऊ शकतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना तर दात विचकणारा कुत्रा हसतो आहे असे वाटते. म्हणून कुत्र्यापासून जपण्याची जबाबदारी मुलावर टाकता येत नाही. ती मोठ्यांचीच आहे.

‘तूच त्याच्या वाटेला गेलीस,’ असे मुलीला म्हटले, तर ती एक धडा शिकते: पुढच्या वेळी सांगावयाचे नाही. कुत्रे, मांजर किंवा माकड यांचे ओरखडे रागावण्याच्या धास्तीने लपविले गेले आणि उपचारांची वेळ टळून गेली, तर ती चूक पुढे सुधारता येत नाही. चावा सांगणाऱ्या मुलाला प्रथम शाबासकी द्यावी, मग त्याची जखम धुवावी.

विचारासाठी प्रश्न

१. जखम पंधरा मिनिटे धुण्यास का सांगितले आहे?
२. दहा दिवस कुत्रा निरोगी राहिला, तर त्यावरून काय सिद्ध होते? पुढे त्याला रेबीज कधीच होणार नाही, असे त्यावरून म्हणता येईल काय?
३. आपल्या घराजवळ रेबीजची लस कोठे मिळते, याची शिक्षकांच्या मदतीने चौकशी करून तो पत्ता वर्गात लावा.