पैसे देऊन गवत कायले?

उन्हाळ्यातलं लग्न घरच्या आवारात केलं की लॉनचा बळी ठरलेला. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावला आमच्या घरी पुतणीचं लग्न झालं. ताडपत्री आणि सतरंज्या आठवडाभर गवतावर पडून राहिल्या आणि कुंपणाजवळ आचाऱ्याची भट्टी पेटली. मांडव सुटला तेव्हा समोरचा सगळा भाग पिवळाफटक होता, आणि भट्टीच्या जागी दहा बाय आठ फुटांचा काळपट, खडखडीत तुकडा.

लॉन लावून देणाऱ्याने दोन्हींवर एकच औषध सांगितलं: सगळं खरवडायचं आणि तयार चटई अंथरायची. भाव चौरस फुटावर. असा हिशेब समोर आला की खिशात हात घालण्याआधी खुरपी हातात घ्यावी. पिवळ्या भागात चार बोटं उकरून गवताची एक कांडी मोडून पाहा. आतून पांढरी, ओलसर असेल तर गवत जिवंत आहे. साधी हरळी वरून जळते, पण जमिनीखालच्या कांड्या तग धरतात. आमच्या पिवळ्या भागाला सकाळचं पाणी सोडून काहीही दिलं नाही, तो आपोआप हिरवा झाला. निम्म्याहून जास्त खर्च तिथंच वाचला.

भट्टीपाशी मात्र कांडी मोडली की भुगा. भाताची उकळती पेज, खारं पाणी, कढईतलं तेल, सगळं तिथंच ओतलेलं. त्यावर सामानाच्या गाडीची चाकं फिरलेली. इथं चटई आलीच, तीही मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, खालची जमीन न खणता. पाणी भरपूर मिळालं, तरी मृगाच्या आत तिच्या कडा उचलल्या. कोपरा धरून ओढला तर भाजलेल्या पापडासारखी अख्खी सुटून हातात आली. खाली पांढुरक्या मुळांची जाळी होती, पण ती चटईबरोबर आलेल्या लाल मातीतच घुटमळत होती. आमच्या मातीत एकही मूळ उतरलेलं नव्हतं. शिवाय जात मेक्सिकन, बारीक पानांची, गर्द रंगाची. जगली असती तरी ठिगळच दिसलं असतं. जाताना लव्हाळा तेवढा ठेवून गेली.

घरी कामाला येणाऱ्या मावशी आषाढात रोवणीला जातात. त्या चटईकडे बघत म्हणाल्या, "पैसे देऊन गवत कायले आनलं जी? कुंपनाखाली एवढं पडलं आहे ना." आमचा सगळा जिल्हा रोप उपटून दुसरीकडे लावण्यावर जगतो, आणि हरळी तर धानापेक्षा सोपी. तिला बी लागत नाही, कांडी पुरते.

पण आधी जमीन. पेजेने माखलेला वरचा थर काढून टाकला, खाली वीतभर खणलं, खडी वेचली. मग भरपूर पाणी सोडून खारटपणा खाली जिरू दिला. चिकण मातीत रेती घालायला सगळे सांगतात. रेतीचा भाव ऐकला की सांगणारेही गप्प होतात. आम्ही कुजलेलं शेणखत घातलं आणि राइस मिलची थोडी राखड मिसळली. राखड बेतानेच, जास्त झाली तर माती खारवते. मिलचा कच्चा कोंडा फुकट मिळतो म्हणून पोत्यांनी ओतू नका. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो, गवत पिवळं पडतं, आणि त्यात राहिलेले दाणे लॉनमध्ये धान उगवतात. बोडीचा, म्हणजे शेततळ्याचा, गाळ शेताला सोनं, लॉनला नाही. वाळला की भेगाळतो आणि तणाचं बी घेऊन येतो.

जमीन बसल्यावर कुंपणाखालच्या हरळीचे वेल उपटून तीन-चार पेरांचे तुकडे केले. दोन पेरं मातीत, एक वर, तुकड्यातुकड्यात चार बोटांचं अंतर. लावून झाल्यावर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं, म्हणजे माती कांडीला धरते. टोपलीभर वेलांत सगळा तुकडा भरला. दिवस निवडावा पाऊस स्थिरावल्यानंतरचा. एक अडचण आहे: तेव्हाच धानाची रोवणी सुरू असते आणि गोंदियात मजूर नावालाही सापडत नाही. जमीन जूनच्या सुरुवातीलाच तयार करून ठेवा, लावणी घरची माणसं करतील. आमच्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. धान पाण्यात उभं राहतं, हरळी कुजते. तेव्हा तुकड्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या.

नवी पालवी धरली की युरिया, चौरस मीटरला दहा ग्रॅम, त्याहून चिमूटभरही जास्त नाही. ओल्या मातीवर टाकून लगेच पाणी द्या, पानांवर दाणे राहिले की चट्टे पडतात. पहिली कापणी उंच ठेवा, एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. लव्हाळा दिसला तर ओढू नका. वरचं पातं हातात येतं आणि गाठ खाली राहून पुन्हा फुटते. खुरपीने गाठीसकट काढा, पाऊस थांबेपर्यंत दर आठवड्याला.