खातं सगळं, पण अंगी लागत नाही

कुपोषण म्हटलं की मेळघाट, नंदुरबार, पालघर ही नावं ओठावर येतात. माझी सगळी नोकरी मुंबईत गेली, गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये. देवनारच्या डम्पिंगचा वास जिथे घराघरात येतो, तो हा भाग. मुख्यसेविका म्हणून माझ्याकडे अंगणवाड्या होत्या, बहुतेक दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या. शहरात दवाखाना जवळ, दुकान जवळ, मग मुलं का वाळतात, असं लोक विचारायचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंचीच्या मानाने वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं ग्रामीण भारतात 19.5 टक्के आहेत आणि शहरी भारतात 18.5. फरक एका टक्क्याचा! या नोकरीने जे शिकवलं, ते सुचेल तसं मांडते.

१. नजरेच्या भरवशावर राहू नये.
कुपोषित मूल बऱ्याचदा आजारी दिसत नाही, नुसतं लहान दिसतं. अडीच वर्षांचं पोर दीड वर्षाचं वाटतं आणि घरचे म्हणतात, "इसका बाप भी ऐसाच था." म्हणून दंडाची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण आवळायची नाही. घाईत नवीन सेविका नेमकी आवळतात. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघायचा आणि तीनपर्यंत मोजायचं. खळगा तसाच राहिला तर ते बाळसं नव्हे, सूज आहे. अशा मुलाचा काटा चांगला दिसतो म्हणून फसायला होतं.

२. "काय खातो?" हा प्रश्न फुकट आहे.
उत्तर ठरलेलं असतं: "सब खाता है." त्याऐवजी काल उठल्यापासून झोपेपर्यंतचं विचारत जायचं. एका बाईकडे अशीच बसले होते. ती नकली दागिन्यांचे मणी ओवत होती, डझनावर पैसे मिळायचे. बोलता बोलता तिचे हात थांबत नव्हते. सकाळी चहात बिस्किट. दहाला रडला म्हणून पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट. दुपारी भात समोर ठेवला, दोन घास खाऊन उठला. चारला पुन्हा पाकीट. रात्री बापाबरोबर चहा-पाव. पोट दिवसभर भरलेलंच होतं आणि त्यात डाळ, अंडं, भाजी यांतलं काही नव्हतं.

दोन पाकिटांच्या पैशांत एक अंडं येतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. पाकीट मूल स्वतः फोडून खातं. अंडं उकडायचं, सोलायचं, कुस्करायचं आणि अर्धा तास मांडीवर घेऊन भरवायचं. त्या अर्ध्या तासात किती मणी ओवून होतात, हे तिला पाठ होतं.

३. पदार्थ सांगण्याआधी भरवणार कोण ते विचारावं.
सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत वरचं खाणं सुरू करायचं, हे हल्ली सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाळाचं पोट एवढंसं, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. आई धुणीभांड्याला गेलेली असते आणि कडेवर घेऊन फिरणारी सात वर्षांची बहीण असते. आमचा आहाराचा तक्ता आईसाठी छापलेला! मग मी त्या बहिणींनाच शिकवायला लागले. डाळीचं वरचं पाणी द्यायचं नाही, खालची डाळ भातात कुस्करायची. चमचा तिरका केला तर घास ओघळता कामा नये. वर अर्धा चमचा तेल. मुली हे चटकन उचलतात, आणि त्यांच्या तोंडून ऐकलं की आजीही वाद घालत नाही. त्या मुलीची शाळा बुडते हे मला दिसत होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळणाघर हे उत्तर आहे, आणि वस्तीत ते नाही.

४. दिलेलं अन्न जुलाबात वाहून जातं.
पहाटे तासभर पाणी येतं, ते पिंपात साठतं, त्याच पिंपात दिवसभर सगळ्यांचे हात. दुधाची बाटली धुवायला उकळतं पाणी कुठून आणायचं? वाटी-चमचा बरा, बाटली नकोच. जुलाब लागले की घरात खाणं बंद करतात. तेव्हाच तर ते चालू ठेवायचं असतं. ओआरएस लोक देतात. झिंकची गोळी मात्र चौदा दिवस द्यायची, ती तिसऱ्या दिवशी जुलाब थांबला की फळीवर जाऊन बसते आणि महिनाभराने मूल पुन्हा तिथेच येतं.

५. अंगणवाडीतून एका लहान मुलासाठी मिळालेलं घरपोच आहाराचं पाकीट घरातली चारही मुलं वाटून खातात. कोणती आई तिघांना बघत बसवून एकाला भरवील? रागावून उपयोग नाही.

६. दाखल करा म्हणणं सोपं.
ताप, सूज किंवा भूकच मेलेली असेल तर तीव्र कुपोषित मुलाला रुग्णालयात न्यावंच लागतं, तिथे तडजोड नाही. पण दोनेक आठवडे आईने तिथे राहायचं म्हणजे रोजी बुडाली आणि मागची मुलं शेजारणीच्या गळ्यात. ज्या मुलाला भूक आहे आणि बाकी त्रास नाही, ते घरी राहूनही सुधारतं. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार घातलेलं औषधी खाणं त्याला द्यायचं आणि दर आठवड्याला वजन घ्यायचं. हा रस्ता आधी दाखवला की दार उघडतं. पहिल्या भेटीत "ॲडमिट" शब्द काढला तर दुसऱ्या भेटीला खोलीला कुलूप.

७. अकरा महिन्यांचा करार हे कुपोषणाचं कारण आहे.
हे अहवालात वाचायला मिळत नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की कुटुंब दोन गल्ल्या पलीकडे जातं आणि मूल दुसऱ्या अंगणवाडीच्या हद्दीत पडतं. आमच्या यादीतून जातं, त्यांच्या यादीत येत नाही. मे महिन्यात गावी गेलेलं जुलैत परततं, कधी गुटगुटीत, कधी अर्धं होऊन. खोली सोडताना सांगून जा म्हटलं तरी कुणी सांगत नाही, डिपॉझिटची भांडणं चालू असतात. म्हणून करार संपायच्या आधीच्या महिन्यात मी सेविकांना यादी घेऊन फिरवायचे. माता-बाल संरक्षण कार्डाच्या वजनाच्या पानाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये, एक आमच्याकडे, आणि शेजारणीचा नंबर वहीत. आईचा नंबर रिचार्ज संपला की बंद होतो, शेजारणीचा सहसा लागतो.