विद्यार्थ्याची पार्श्वभूमी, विद्यापीठ-प्रवेश आणि पदवीनंतरची वाट

महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक आकडा छापलेला असतो. हा आकडा निःपक्षपाती असतो, असे आपण मानतो. तो उमेदवाराचे आडनाव पाहत नाही, त्याच्या वडिलांचा व्यवसाय विचारीत नाही. तरीही त्या आकड्यात घर, शाळा, गाव आणि भाषा या साऱ्यांचा वाटा असतोच. हा वाटा किती आणि प्रवेश देताना त्याचा विचार कसा करावा, हा प्रश्न भारतातील ज्या शहरांत दीर्घकाळ आणि आग्रहाने चर्चिला गेला, त्यांत बंगळूरचे स्थान महत्त्वाचे आहे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. बंगळूरच्या जयनगर भागात राहणारी एक मुलगी आणि कोलार जिल्ह्यातील एका खेड्यातला एक मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेला बसतात आणि दोघांनाही सारखेच गुण मिळतात. मुलीचे आईवडील पदवीधर आहेत. घरात पुस्तके आहेत. अडले तर विचारायला माणूस आहे. परीक्षेच्या तयारीसाठी तिने दोन वर्षे शिकवणी लावली आहे. मुलाचे वडील शेतमजूर आहेत. दहावीपर्यंत तो कन्नड माध्यमातून शिकला आणि त्यानंतर विज्ञानाची पुस्तके त्याला एकाएकी इंग्रजीत वाचावी लागली. दोघेही आज एकाच ठिकाणी उभे आहेत. परंतु दोघांनी चाललेले अंतर सारखे नाही. मुलीचे श्रम खोटे आहेत, असा याचा अर्थ नव्हे. गुण खरेच आहेत. ते अपुरे आहेत, एवढेच.

म्हैसूर संस्थानातील प्रारंभ

विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात शिक्षणाचा विस्तार वेगाने होत होता. १९०९ मध्ये बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना झाली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. परंतु उच्च शिक्षण आणि त्यातून मिळणाऱ्या सरकारी नोकऱ्या यांत लोकसंख्येने अल्प असलेल्या ब्राह्मण समाजाचे प्रमाण फार मोठे होते. या विषमतेचा विचार करण्यासाठी महाराज कृष्णराज वडियार यांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरिष्ठ जागांपैकी किमान निम्म्या आणि कनिष्ठ जागांपैकी किमान दोन तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे असाव्यात, अशी शिफारस या समितीने १९१९ मध्ये केली. अशा उपायांमुळे गुणवत्तेला बाध येईल, असे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे मत होते. गुणवत्ता की प्रतिनिधित्व, हा आजही चालू असलेला वाद त्या काळातच उभा राहिला होता.

मराठी वाचकाला येथे कोल्हापूरचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिक्त होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. परंतु महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. नोकरीचे दार उघडून भागणार नाही. त्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या मुलाच्या राहण्याजेवण्याची सोयही झाली पाहिजे, हे ओळखून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. बंगळूरमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या वक्कलिगर संघासारख्या संस्थांनीही वसतिगृहांचे कार्य हाती घेतले. शिकण्याची संधी म्हणजे वर्गातील बाक आणि त्याच्या जोडीला शहरातील आसरा, ही जाण दोन्ही ठिकाणी दिसते.

मोजपट्टीचा शोध

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. पार्श्वभूमीचा विचार करावा हे मान्य झाले. पण ती मोजावी कशी? म्हैसूर राज्याने नेमलेल्या नागन गौडा समितीने यासाठी एक मोजपट्टी सुचविली. प्रत्येक समाजातील दर हजार लोकांमागे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या तीन इयत्तांत किती विद्यार्थी आहेत, हे पाहावयाचे. राज्याची सरासरी ६.९ निघाली. ज्यांचे प्रमाण तिच्याहून कमी तो समाज मागासलेला आणि ज्यांचे प्रमाण तिच्या निम्म्याहूनही कमी तो अधिक मागासलेला, असे ठरले. ३१ जुलै १९६२ च्या आदेशाने राज्याने अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या. त्यांपैकी ५० टक्के मागास व अधिक मागास वर्गांसाठी, १५ टक्के अनुसूचित जातींसाठी आणि ३ टक्के अनुसूचित जमातींसाठी होत्या.

हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात सप्टेंबर १९६२ मध्ये रद्द ठरविला. केवळ जात ही मागासलेपणाची एकमेव कसोटी होऊ शकत नाही; सरासरीच्या जवळपास असणाऱ्या समाजांना मागास म्हणता येणार नाही; आणि राखीव जागा सामान्यतः निम्म्याहून कमी असाव्यात, असे न्यायालयाने म्हटले. ६.९ ची सरासरी राज्याने ७ धरली होती आणि ७.१ प्रमाण असलेल्या समाजालाही मागासांत घेतले होते. दशांशस्थळावरचा एक आकडा सहस्रावधी मुलांचे भवितव्य फिरवू शकतो, हे येथे स्पष्ट दिसून येते.

पुढील वर्षी राज्याने दुसरी मोजपट्टी घेतली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि व्यवसाय शेती, कारागिरी, किरकोळ धंदा, कनिष्ठ नोकरी किंवा अंगमेहनतीचा असावा, अशी ती कसोटी होती. १९६४ च्या चित्रलेखा खटल्यात न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. पहिल्या पट्टीने समाज पाहिला, पण त्या समाजातील सधन व निर्धन यांतला भेद पाहिला नाही. दुसरीने कुटुंबाची मिळकत पाहिली, पण समान मिळकतीच्या दोन कुटुंबांना गावात मिळणारी वागणूक सारखी नसते, हे तिच्या नजरेतून सुटले. १९७२ मध्ये नेमलेल्या हावनूर आयोगापासून पुढील प्रत्येक आयोगाचा प्रयत्न या दोन दृष्टींचा मेळ घालण्याचाच होता.

आज कर्नाटकात १९९४ पासून सामायिक प्रवेशपरीक्षा घेतली जाते. सामाजिक प्रवर्गांखेरीज ग्रामीण भागातील शाळांत शिकलेल्यांसाठी आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठीही तेथे काही जागा राखलेल्या असतात. मुलाने कोठे आणि कोणत्या भाषेत शिक्षण घेतले, हाही पार्श्वभूमीचा भाग होय, ही त्यामागील भूमिका आहे.

प्रवेशानंतर काय होते?

कमी गुणांवर प्रवेश मिळालेला विद्यार्थी मागे पडतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. या बाबतीत मिळालेला पुरावा एकरंगी नाही. इंग्लंडमधील उच्च शिक्षण अनुदान परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की शालान्त परीक्षेत सारखे गुण असताना सरकारी शाळांतून आलेले विद्यार्थी खाजगी शाळांतील विद्यार्थ्यांपेक्षा पदवी परीक्षेत सामान्यतः सरस ठरतात. म्हणजे कोलारच्या मुलाने चाललेले अंतर पुढे त्याच्या कामी येते. भारतातील एका राज्याच्या दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांचा बागडे, एपल आणि टेलर यांनी अभ्यास केला. राखीव जागांमुळे त्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षणातील प्रमाण वाढले आणि त्यांची हानी झाली नाही, असा त्यांचा २०१६ मधील निष्कर्ष आहे. याउलट, एका नामवंत संस्थेतील अत्यंत चुरशीच्या शाखांत असे विद्यार्थी मागे राहतात, असे फ्रिसांचो आणि कृष्णा यांना त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दोन्हींतून घ्यावयाचा बोध एकच आहे: प्रवेश देऊन संस्थेची जबाबदारी संपत नाही, तेथून ती सुरू होते. पहिल्या वर्षी भाषेचे व गणिताचे जादा वर्ग, वसतिगृह, वेळेवर हाती पडणारी शिष्यवृत्ती यांवाचून उघडलेले दार अर्धेच उघडलेले असते.

पदवीनंतरची चाळणी

पदवी हाती आल्यावर पार्श्वभूमी पुसली जाते काय? संगणक-उद्योगाने बंगळूरला जगाच्या नकाशावर नेले. गुणांखेरीज दुसरे काही न पाहणारा उद्योग, अशी त्याची ख्याती आहे. परंतु अनिरुद्ध कृष्ण व विजय ब्रिह्मदेशम यांनी २००६ मध्ये आणि कॅरोल उपाध्या यांनी २००७ मध्ये या शहरातील संगणक-व्यावसायिकांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत वेगळे चित्र दिसते. या क्षेत्रात येणारे बहुसंख्य तरुण शहरांत वाढलेले आणि सुशिक्षित आईवडिलांचे होते. अंतिम निवडीत विषयज्ञानाबरोबर इंग्रजी संभाषण, वागण्याबोलण्यातील सफाई यांनाही वजन होते. हे गुण पाठ्यपुस्तकात नसतात. ते घरात व शाळेच्या वातावरणात नकळत अंगी बाणतात. दिल्ली परिसरातील कर्मचारी-अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी दाखविले, की ‘घरची माहिती’ विचारणे हा अशा निवडीचा सर्वमान्य भाग आहे. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासाने तर उमेदवाराला प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच ही चाळणी सुरू होते, हे दाखवून दिले. सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी आस्थापनांकडे पाठविले असता, दलित किंवा मुसलमान नाव असलेल्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत कमी आढळली.

येथे आपल्या उदाहरणातील त्या दोघांकडे पुन्हा वळू. चार वर्षांनी दोघांच्याही हाती एकच पदवी आहे. मुलाखतीच्या खोलीत मुलगी सहज बोलते. मुलगा मनातल्या मनात वाक्याचे भाषांतर करीत उत्तर देतो. परीक्षकाला त्याचा क्षणभराचा विलंब दिसतो. त्या विलंबामागची बारा वर्षे दिसत नाहीत.

तात्पर्य, गुण टाकून देणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. त्यांचा अर्थ नीट लावणे हा होय. विद्यार्थी कोठे पोहोचला याबरोबरच तो कोठून निघाला हेही पाहावे लागते. आणि ते एकदाच, प्रवेशाच्या वेळी पाहून भागत नाही. शाळेत, प्रवेशाच्या वेळी, वर्गात आणि नोकरीच्या मुलाखतीत, अशा चार ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी मिलर समितीने प्रामुख्याने शेवटच्या ठिकाणचा हिशोब मागितला होता. उरलेल्या तीन ठिकाणांचा हिशोब ठेवल्याशिवाय तोही पुरा होत नाही, हा बंगळूरच्या अनुभवाचा धडा आहे.