दुरुस्ती सुटली, पण पोचली का?

संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेक जण एकच सल्ला देतात: अपडेट करत राहा. सल्ला खरा आहे, पण अर्धा. अपडेट कुठून निघतं, कोणत्या वाटेनं येतं आणि आपलं यंत्र त्या वाटेवर आहे का, हे त्यात येत नाही. सर्व्हर सांभाळायचं काम मी करते. बंद पडलेल्या सर्व्हरची मला फारशी भीती वाटत नाही, कारण तो बंद पडला की पाच मिनिटांत फोन येतो. भीती वाटते ती रोज रात्री ‘सर्व पॅकेजेस अद्ययावत आहेत’ असं सांगणाऱ्या आणि तरीही महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या सर्व्हरची.

असा एक सर्व्हर मी जवळून पाहिला आहे. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातला, प्रवेश, फी, निकाल असं सगळं त्याच्यावर. डेबियन ११ बसवलेलं, म्हणजे ‘बुल्सआय’ ही शाखा. बाहेरून सुरक्षा तपासणी करून घेतली होती आणि अहवालात लाल ओळींची रांग होती: ओपनएसएसएल जुनं, ओपनएसएसएच जुनं, अपाचे जुनं. या लाल ओळी घालवायला मला बोलावलं. तिथलं यंत्रांचं काम बघणारे गृहस्थ अगदी रडकुंडीला आले होते. “मॅडम, अपडेट रोज रात्री चालतं. मध्यंतरी कर्नलसुद्धा बदललं होतं. आता मूळ संकेतस्थळावरून नव्या आवृत्त्या आणून हातानं बसवू का?”

मी म्हटलं, “दादा, एवढं मात्र करू नका.” का नाही, ते समजून घ्यायचं तर डेबियनच्या शाखा समजून घ्याव्या लागतात.

डेबियन हा इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला प्रकल्प, आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात. नवं पॅकेज सगळ्यात आधी येतं ते ‘अनस्टेबल’ शाखेत. तिचं नाव कायमचं ‘सिड’, चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. तिथे ते काही दिवस थांबतं: निकड जास्त असेल तर दोन दिवस, मध्यम असेल तर पाच, कमी असेल तर दहा. त्या काळात गंभीर दोष नोंदवला गेला नाही, सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांसाठी ते नीट तयार झालं आणि दुसरं काही मोडत नसलं, तर एक प्रोग्रॅम ते आपोआप ‘टेस्टिंग’मध्ये सरकवतो. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, घासूनपुसून घेतात आणि तीच नवी ‘स्टेबल’ होते. आधीची स्टेबल मग ‘ओल्डस्टेबल’ म्हणून ओळखली जाते. बुल्सआय १४ ऑगस्ट २०२१ ला आली, बुकवर्म १० जून २०२३ ला, ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला.

सुरक्षेची दुरुस्ती मात्र स्टेबलला या वाटेनं येत नाही. नवी आवृत्ती स्टेबलमध्ये ढकलली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी हलतात. म्हणून सुरक्षा चमू फक्त दुरुस्तीपुरता बदल उचलतो, स्टेबलमधल्या जुन्याच आवृत्तीत बसवतो आणि स्वतंत्र सुरक्षा भांडारातून वाटतो. पुष्कळदा दोष जाहीर होतो त्याच दिवशी स्टेबलची दुरुस्ती तयार असते. टेस्टिंगला ही सोय नाही. तिथली दुरुस्ती आधी सिडमध्ये यायची, मुदत भरायची आणि मग सरकायची. मध्येच एखादं दुसरं पॅकेज अडलं तर तीही त्याच्याबरोबर अडून बसते. ‘सिड फार नवं, स्टेबल फार जुनं, म्हणून मधलं टेस्टिंग घेतलं’ असं अनेक जण सांगतात. नाव ऐकून तसं वाटणं साहजिक आहे. पण इंटरनेटवर उघडा असलेला सर्व्हर टेस्टिंगवर ठेवू नये, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

आता त्या लाल ओळी. तपासणीच्या बऱ्याच साधनांना आवृत्तीचा आकडा दिसतो, तेवढाच ती वाचतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ दोष जाहीर झाला. मूळ प्रकल्पानं १.०.१जी ही आवृत्ती काढून तो मिटवला. डेबियनच्या तेव्हाच्या स्टेबलमध्ये, म्हणजे व्हीझीमध्ये, आकडा १.०.१ई असाच राहिला, फक्त त्याच्या शेपटीला ‘डेब७यू५’ लागलं. दोष त्यात मिटलेला होता. ज्यानं फक्त ‘१.०.१ई’ वाचलं त्याला तो सर्व्हर उघडा वाटला. आकड्याचा पुढचा भाग मूळ प्रकल्पाचा असतो आणि शेपूट डेबियनची. दुरुस्ती शोधायची ती शेपटीत. आणि हातानं नवी आवृत्ती आणून बसवली की तिला पुढे कोणत्याच शाखेची दुरुस्ती मिळत नाही. तिचा सांभाळ जन्मभर आपल्या गळ्यात पडतो.

‘जुनं म्हणजे धोक्याचं’ हा समजही तपासून घ्यावा असाच आहे. हार्टब्लीडच्या वेळी व्हीझीच्या आधीची स्क्वीझ शाखा सुरक्षित होती, कारण तो दोष शिरण्याच्या आधीचं ओपनएसएसएल तिच्यात होतं. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधला ‘रिग्रेशन’ नावाचा दोष जाहीर झाला तेव्हा बुकवर्मला दुरुस्ती घ्यावी लागली, जुन्या बुल्सआयला त्याची बाधाच नव्हती. आणि मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण तर सगळ्यांच्या पोटात गोळा आणणारं होतं. एक्सझेड या दाबसाठवणीच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी जाणूनबुजून चोरदार ठेवलं होतं. ते सिडमध्ये आलं, मुदत भरून टेस्टिंगमध्येही पोचलं. ती मुदत त्याला अडवू शकली नाही, कारण तोपर्यंत कुणाला संशयच आला नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या अभियंत्याला आपल्या सिडच्या यंत्रावर एसएसएचनं आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी मुळापर्यंत माग काढला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. स्टेबल वाचली ती तिच्या जुनेपणामुळे, तिच्यात ५.४.१ होतं. त्या अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या माणसाचे उपकार किती मोठे आहेत, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना आहे.

संस्थेच्या सर्व्हरकडे वळू. लाल ओळींबद्दल मी निश्चिंत होणार होते, पण सवयीनं पॅकेजांची शेपूट तपासली आणि ती अपेक्षेपेक्षा आखूड निघाली. मग भांडारांची यादी आणणारी ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा हातानं चालवली. पडद्यावर चार ओळी सरसर गेल्या आणि सुरक्षा भांडाराच्या ओळीपुढे ४०४ असा आकडा आला. मागितलेलं तिथे नाही, असा त्याचा अर्थ.

कारण सोर्सेस लिस्टच्या फाइलमध्ये होतं. डेबियन १० पर्यंत, म्हणजे बस्टरपर्यंत, सुरक्षेच्या शाखेचं नाव ‘बस्टर/अपडेट्स’ अशा धाटणीचं असे. डेबियन ११ पासून ती धाटणी बदलून ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ अशी झाली. बुल्सआयबरोबरच्या सूचनापत्रात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण यंत्र १० वरून ११ वर नेताना कुणीतरी फाइलमध्ये ‘बस्टर’ हा शब्द सगळीकडे बदलून ‘बुल्सआय’ केला होता. इतर ओळी बरोबर झाल्या. सुरक्षेची ओळ ‘बुल्सआय/अपडेट्स’ झाली, आणि असं काही अस्तित्वातच नाही.

मग कर्नल कसं बदललं होतं? इथेच सगळे फसतात. स्टेबलची साधारण दर दोन महिन्यांनी एक छोटी बेरीज निघते, ११.१, ११.२ अशी. मधल्या काळातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या बेरजेत मुख्य भांडारातही येतात. म्हणजे या सर्व्हरला दुरुस्त्या मिळत होत्या, पण आठवड्या-महिन्यांनी उशिरा. यंत्र जिवंत दिसत होतं, पॅकेजं हलत होती, शंकेला जागाच नव्हती. ३१ ऑगस्ट २०२४ ला बुल्सआयची शेवटची बेरीज, ११.११, निघाली. त्यानंतरचा दीर्घ मुदतीचा सगळा आधार फक्त ‘बुल्सआय-सिक्युरिटी’तून येतो. त्या दिवसापासून या सर्व्हरला काहीच मिळत नव्हतं, आणि नवीन काही येत नसल्यामुळे तो रोज ‘अद्ययावत’ म्हणून सांगत होता. कालव्याला पाणी सुटलं म्हणजे शेवटच्या शेतात पोचलं असं होत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथे मात्र शेत कोरडं असल्याचं कळायलाच मार्ग नव्हता.

रात्रीची आज्ञाही बघितली. आधी भांडाराची यादी आणायची आणि मग पॅकेजं चढवायची अशा दोन आज्ञा, मध्ये अर्धविराम. अर्धविरामाचा अर्थ असा की पहिली फसली तरी दुसरी चालणारच. शिवाय सगळा मजकूर फेकून देण्याची व्यवस्था केलेली. त्रुटीची ओळ रोज उमटत होती आणि रोज कुणी न वाचता नाहीशी होत होती. गृहस्थांचा यात काही दोष नव्हता. त्यांना मिळालं तसं त्यांनी चालवलं. एक ओळ सुधारली तेव्हा अडलेल्या पॅकेजांची लांबच लांब यादी आली. आधी बॅकअप घेतला, मग ती चढवली आणि रविवारी सर्व्हर पुन्हा चालू केला.

तुमच्या हाताखाली असा सर्व्हर असेल तर आजच बसून ‘ॲप्ट अपडेट’ हातानं चालवा आणि प्रत्येक ओळ वाचा. मग ‘ॲप्ट पॉलिसी’ द्या. यंत्र कोणकोणत्या भांडारांना विचारतं, ते त्यात दिसतं. ‘सिक्युरिटी’ असलेली ओळ त्यात नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते बघा. रात्रीच्या आज्ञेची त्रुटी कुणाच्या तरी मेलमध्ये पडलीच पाहिजे. शाखेचं नाव ‘स्टेबल’ असं न लिहिता बुकवर्म, ट्रिक्सी असं नेमकं लिहा, कारण ‘स्टेबल’ या शब्दाचा अर्थ नव्या आवृत्तीच्या दिवशी बदलतो. हल्लीचं ॲप्ट अशा वेळी थांबून विचारतं, पण घाईतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला सुरुवात होते.

११ वरून १२ वर आलेल्यांनी आणखी एक बघावं. बुकवर्ममध्ये फर्मवेअरची पॅकेजं ‘नॉन-फ्री’मधून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या कप्प्यात ठेवली. तो शब्द ओळीत घातला नाही तर इंटेल प्रोसेसरच्या मायक्रोकोडसकट सगळं फर्मवेअर जुन्या जागीच अडकतं. इथे ४०४ सुद्धा येत नाही.

एखादं साधन नवंच हवं असेल तर ते ‘बॅकपोर्ट्स’मधून, तेवढंच घ्या. टेस्टिंगमधलं पॅकेज स्टेबलसाठी पुन्हा तयार करून तिथे ठेवलेलं असतं. त्याची सुरक्षा सुरक्षा चमू बघत नाही, ते पॅकेज सांभाळणाराच बघतो, हे लक्षात असू द्या. स्टेबलच्या यादीत सिडची ओळ घालून एखादं पॅकेज ओढलं, तर ते आपल्याबरोबर सी लायब्ररी ओढून आणतं आणि यंत्र धड इकडचं राहत नाही, धड तिकडचं.

स्टेबललाही ठेच लागते. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ निघायची होती. ९ तारखेला कळलं की तिच्यातल्या ६.१.६४ कर्नलमुळे ईएक्सटी४ फाइलप्रणालीवरची माहिती खराब होऊ शकते. मूळ कर्नलच्या मालिकेत एक बदल मागे आणला होता, पण तो ज्याच्यावर अवलंबून होता तो दुसरा बदल आणायचा राहिला होता. डेबियननं १२.३ थांबवली, लोकांना चढवू नका म्हणून कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ काढली. त्या एका दिवसामुळे मी सुरक्षेची दुरुस्ती तातडीनं आणि बेरजेतलं बाकीचं दोन-तीन दिवसांनी, आधी कमी महत्त्वाच्या यंत्रावर, असा नेम ठेवला आहे.

शेवटी तारखा. सुरक्षा चमू एका स्टेबलला साधारण तीन वर्षं सांभाळतो, पुढची दोन वर्षं दीर्घ मुदतीचा वेगळा चमू. बुल्सआयचा आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. बुकवर्म १० जून २०२६ ला दुसऱ्या चमूकडे जातं आणि ३० जून २०२८ पर्यंत चालतं. पण दीर्घ मुदतीत प्रत्येक पॅकेज सांभाळलं जातंच असं नाही. ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ हे पॅकेज बसवून ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ ही आज्ञा दिली की आपल्या यंत्रावरच्या कोणत्या पॅकेजांचा आधार संपला आहे किंवा मर्यादित आहे, त्याची यादी मिळते. त्या संस्थेच्या सर्व्हरवर मी ती बसवली, तिची यादी आता दर सोमवारी त्या गृहस्थांच्या मेलमध्ये येते, आणि ट्रिक्सीपर्यंत नेण्याचं काम, आधी १२ आणि मग १३ असं, आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत धरलं आहे.